ट्विलाच्या पत्त्यावरचा शिकारी

सूड घ्यायला ताकद कमी लागते, दम जास्त. मोंटानातल्या कोल्टर गावी दाणा-पेंडीच्या दुकानात काम करणारी ट्विला रासमुसेन अंगाने काडी, पण दम तिच्याकडे पोत्याने होता.

ती मूळची शेजारच्या आयडाहोची. आई गेल्यावर सावत्र बाप व्हर्ल याच्या दुकानात टायरची पंक्चरं काढत तिने कॉलेजची दोन वर्षं उरकली. पुढे शिकायचं म्हणताच व्हर्लने तिची ट्रंक अंगणात नेऊन ठेवली. म्हणाला, "जा की! महिन्याभरात शेपूट घालून येशील."

ट्विला डोंगर ओलांडून आली ती आलीच. इथल्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळत होता, पण बाहेरच्या राज्यातल्या मुलांना फी तिप्पट. इथल्या मुलांची फी हवी, तर आधी बारा महिने इथलं होऊन दाखवायचं. बाईने पहिल्याच आठवड्यात गाडीची नंबरपाटी बदलली, लायसन्स बदललं, मतदार यादीत नाव घातलं. एक खोली आणि शेड भाड्याने घेतली. वर्षभर पोती उचलली, कर इथे भरला, सगळे घरी जातात त्या टर्कीच्या सणालासुद्धा राज्याबाहेर पाऊल टाकलं नाही.

वर्ष भरलं तशी फाइल घेऊन विद्यापीठात गेली. टेबलापलीकडे मिस हॉलिहान होत्या. त्यांनी एकेक कागद पाहिला आणि चष्मा काढला.

"पोरी, सगळं चोख आहे गं. पण आयडाहोतल्या कुणा व्हर्लने आपल्या करात तुला त्याच्यावर अवलंबून दाखवलंय. बाहेरचा माणूस तुला पोसतो म्हटल्यावर तू तिथलीच धरणार."

"बाई, तो मला पाणीसुद्धा पाजत नाही!"

"मग तसं त्याच्या सहीने लिहून आण. डिसेंबरच्या मध्यापर्यंत. नाहीतर जानेवारीचा प्रवेश विसर."

ट्विलाने तिथूनच फोन लावला. व्हर्ल खो खो हसला. "अगं, चार पैसे वाचतात माझे. सही कसली मागतेस? ये परत, टायर वाट बघतायत तुझी."

"व्हर्ल, मला एक दमडी तरी दिलीस का तू?"

"नाही दिली. सिद्ध कर!"

त्या रात्री ती जेवली नाही म्हणतात. पण ऑगस्टात एक पाकीट आलं. पत्ता तिच्या खोलीचा, नाव व्हर्लचं, आणि वर छापलेलं, 'रहिवासी एल्क परवाना'. आता एल्क म्हणजे घोड्याएवढं हरीण. त्याच्या शिकारीचा परवाना इथल्या माणसाला पिझ्झ्याच्या भावात मिळतो आणि परक्याला गाईच्या. ज्या रहिवासीपणासाठी पोरीने वर्षभर हाडं झिजवली, ते या गड्याने पेनाच्या एका फटकाऱ्यात लाटलं होतं, तेही तिच्याच पत्त्यावर!

तिच्या दाणा-पेंडीच्या दुकानाचा मालक रॉस्को तापला. "आत्ताच्या आत्ता शिकार-अधिकाऱ्याला फोन कर."

"नको. आत्ता केला तर चूक झाली म्हणून सुटेल. हरीण पडू दे आधी."

तिने ते पाकीट न फोडता व्हर्लला पाठवलं, सोबत चिठ्ठी: 'तुझं टपाल इकडे आलं. शिकारीला आलास तर माझ्या शेडमध्ये हरीण टांगायला जागा आहे.' व्हर्लला वाटलं, पोरगी वाकली.

नोव्हेंबरात तो आला. सहा फाट्यांच्या शिंगांचा नर पाडला आणि शेडमध्ये टांगला. हरीण टांगलं की शेडचं दार सताड उघडं ठेवायचं, ही आमच्याकडची रीत. येणाऱ्याजाणाऱ्याने आत यावं, शिंगं मोजावीत, कॉफी घ्यावी. व्हर्ल तर मिरवायला टपलेलाच. दुसऱ्या सकाळी हॅट काढत ड्वेन टॉर्गरसन आत आला. तो शिकार-अधिकारी, आणि त्याला ट्विलाने आदल्याच दिवशी फोन केला होता.

"वा! नर आहे खरा," ड्वेन म्हणाला. "परवाना बघू?"

व्हर्लने ऐटीत काढून दिला.

"इथलेच का तुम्ही?"

"इथलाच तर! हे काय घर."

"मग तुमची खाट दाखवा की राव."

आत खाट एक, ताट एक, दात घासायचा ब्रश एक. बाहेर ट्रकला नंबरपाटी आयडाहोची. व्हर्ल म्हणाला, "म्हणजे... मुलगी राहते ना इथं माझी."

ट्विला कॉफी ओतत होती. "हो हो, पोसतो मला. करात लिहिलंय तसं. विचारा त्याला, आयडाहोत राहून पोसतो की इथं राहून?"

ड्वेनने वही उघडली. "इथं राहत असाल, तर आयडाहोचा रहिवासी म्हणून कर कसा भरलात? ते करवाले बघतील, आणि ते माझ्यासारखे कॉफी घेत बसत नाहीत. तिथं राहत असाल, तर परवाना खोटा. ते माझ्याकडे. बोला."

व्हर्लने धाकटं दुखणं निवडलं. पोरीवर पाणी सोडलं की आपण मोकळे, असंही त्याला वाटलं असेल. "लिहून घ्या! मी आयडाहोचा. इथं एक रात्र राहिलो नाही, कालसुद्धा ट्रकमध्येच झोपलो. ही सतरा महिने इथं एकटी राहते, स्वतःचं कमावते, मी हिला एक दमडी दिलेली नाही!"

"सही करा."

व्हर्लने सही केली.

"ड्वेनभाऊ, मला याची एक प्रत लागेल," ट्विला म्हणाली. तेव्हा कुठे व्हर्लच्या डोक्यात उजेड पडला.

हरीण गेलं, बंदूक गेली, परवाना कितीतरी वर्षांसाठी गेला. आणि शेजारची राज्यं एकमेकांचा शब्द पाळतात, म्हणून आयडाहोतही त्याला बंदी झाली. मिस हॉलिहान यांनी तो जबाब दोनदा वाचला, दुसऱ्यांदा हसत, आणि फाइलवर 'राज्यातली' असा शिक्का मारला.

व्हर्लचा फोन आला. "घात केलास तू माझा."

"तूच म्हणालास ना, सिद्ध कर?"

जप्त केलेल्या शिकारीचं मांस इथे गरजूंना वाटतात. ट्विलाने यादीत पहिलं नाव आपलं घातलं. जानेवारीत ती वर्गात बसायला गेली तेव्हा डब्यात व्हर्लच्या एल्कचा रस्सा होता. शेजारच्या मुलीने विचारलं, "एल्कचा छान वास येतोय. कुणी मारला?"

"आयडाहोचा एक माणूस होता," ट्विला म्हणाली आणि तिलाही एक वाटी वाढली.