आधी बांधू की आधी भांडू?

मंडळी, वाचनालयाच्या या फळ्यावर एरवी कापसाचा भाव असतो. आज तो पुसून मी, तुमचा शाळामास्तर, सकाळची हकीकत लिहितो आहे.

चावडीवर नव्या दवाखान्याच्या जागेची बैठक होती. धनजी पाटलांना तो वेशीजवळ हवा होता, मगनशेठना बाजारात, म्हणजे आपापल्या घराजवळ. दोघे हातघाईवर आले, तेव्हा जागा पाहायला आलेले सरकारी ओव्हरसियरसाहेब शांतपणे म्हणाले, "ज्याच्या घराजवळ दवाखाना, त्याला सुधारणा पट्टीचा कर जास्त."



मग पाटील मऊ आवाजात म्हणाले, "शेठ, बाजारच बरा शे. तुमले खोकला बी शे."

"नही नही, वेसवरच होऊ द्या," शेठ म्हणाले. "मन्हा खोकला जुना शे, त्यानी सवय व्हई गयी."

इतक्यात सातपुड्यातला एक पावरा आदिवासी आणि त्याचा भाऊ झोळी घेऊन दारात आले. झोळीत त्याची बायको होती. लाकडं तोडताना तिच्या पायावर कुऱ्हाड बसली होती.

"दवाखाना कठे शे?" त्याने विचारलं.

पाटलांनी बाजाराकडे हात केला, शेठनी वेशीकडे. तो बिचारा दोन्हीकडे बघत राहिला. दोन्हीकडे दवाखाना नव्हता.

दोघेही ओशाळले. शेठनी आपली गाडी काढली, पाटलांनी आपले बैल जुंपले आणि स्वतः हाकत तिला शहाद्याला नेलं.

पाटील आत्ताच परतले. टाके पडले, बाई सुखरूप आहे. जागेचं विचारलं तर म्हणाले, "मास्तर, आधी बांधू, मंग भांडू."

उद्या पुन्हा बैठक आहे. तुमचं काय म्हणणं?