घाट चढताना येणारा वास

घाट चढायला लागलं की गाडीत रबर जळल्याचा वास यायचा. सपाटीवर काही नाही. शहादा सोडलं की गाडी कशी छान पळायची, आणि वर वळणं सुरू झाली की आलाच नाकात भपकारा. मी धडगावकडच्या एका शाळेत शिकवते, रोज जाऊन-येऊन करते. पहिल्या दिवशी वाटलं, पुढच्या जीपचा वास असेल. जीप गेली निघून आपल्या वाटेने, वास माझ्याजवळच राहिला.

गाडी ह्यांची, म्हणजे माझ्या मिस्टरांची. हे उन्हाळ्यात गेले. मला चालवायला ह्यांनीच शिकवलं आणि शिकवताना एकाच गोष्टीवरून माझं डोकं खाल्लं, क्लचवर पाय ठेवून बसू नकोस, प्लेट जळेल. त्यामुळे वास आल्याबरोबर मी पाय असा चटकन उचलला, जणू शेजारी बसून कोणी रागावलंच आहे. वास काही जाईना. हँडब्रेक पाहिला, सोडलेलाच होता. एका वळणावर थांबून बॉनेट उघडलं, तर इंजिनचा पट्टा धडधाकट. चारी चाकांजवळ हात नेऊन पाहिला, सगळी सारखीच कोमट. वास पुढून येतोय की मागून, वाऱ्यात तेही कळेना. मग तिथेच दगडावर बसले आणि रडले. गाडीसाठी कोण रडतं हो? पण मी रडले.

कारण ही गाडी बसली की मला धडगावात खोली घ्यावी लागणार होती आणि सासूबाई गावी एकट्या पडणार होत्या. दीर कधीचे मागे लागले होते, विकून टाका ती आणि राहा तिकडेच. मीही हो म्हणायच्या बेताला आले होते. घरी तरी कोण बोलत होतं माझ्याशी? हे सकाळी अंगणात छातीत कळ येऊन पडले तेव्हा मी घाटात होते, फोनला रेंज नव्हती. भेटायला येईल त्याला सासूबाई एवढंच सांगायच्या, "ती घाटमा व्हती." बारावं होईपर्यंत मी तेच ऐकलं. जणू काही मी मुद्दाम जाऊन बसले होते तिकडे! त्यानंतर आमचं बोलणं चहा आणि भाकरीपुरतं उरलं.

रविवारी गाडी शहाद्याच्या गॅरेजला नेली. मेकॅनिकलाही आधी क्लचच वाटला. त्याने एक चक्कर मारून पाहिली, पट्टा पाहिला, ब्रेक पाहिले, आणि शेवटी गाडी उचलून तो खाली शिरला. थोड्या वेळाने त्याने मला वाकून बघायला बोलावलं. मागच्या बंपरच्या आतल्या बाजूला बारीक तारेने एक रबरी चप्पल बांधलेली होती. नजर लागू नये म्हणून ट्रकवाले मागे जुनी चप्पल टांगतात ना, तशी. तार सैल होऊन चप्पल सरकली होती आणि सायलेन्सरला जाऊन चिकटली होती. चढावर सायलेन्सर तापला की ती जळायची. त्याने तार कापली, चिकटलेलं रबर खरवडून काढलं आणि उरलेला तुकडा फेकायला निघाला. मी म्हटलं, द्या तो इकडे.

टाच तेवढी शाबूत होती, बाहेरच्या अंगाने झिजलेली. ह्यांचं चालणंच तसं होतं. ह्यांचे कपडे, चपला, सगळं आम्ही देऊन टाकलं होतं. निदान मला तसं वाटत होतं.

सासूबाई ओट्यावर दादर ज्वारी निवडत होत्या. मी तो तुकडा त्यांच्यापुढे ठेवला आणि तोंडाला येईल ते बोलले. गाडी पेटली असती म्हणजे? घाटात पेटली असती म्हणजे? त्यांनी ऐकून घेतलं. मग हळूहळू सांगितलं. हे गेल्यावर त्यांनीच बांधली होती, मास्तरीण सून उपटून फेकून देईल म्हणून आतून. दुखरे गुडघे घेऊन, जमिनीवर आडवं पडून. आणि त्या दिवसाचंही सांगितलं, पहिल्यांदाच. ह्यांचं डोकं मांडीवर घेऊन त्या शेजारणीला सारखा माझा नंबर लावायला सांगत होत्या. लागतच नव्हता. तो तर गेलाच, ही पण घाटात गेली, असंच त्यांनी मनाशी धरलं होतं, मी दारात उभी राहीपर्यंत. लोकांना त्या तेच सांगायला जायच्या. पण 'ती घाटमा व्हती'च्या पुढचं त्यांच्याच्याने बोलवायचं नाही.

मग त्या आत गेल्या आणि पेटीतून दुसरी चप्पल घेऊन आल्या. उजव्या पायाची. पदराने पुसून हातात धरून बसल्या.

"तठेच खोली पाही ले," त्या म्हणाल्या. "मी ऱ्हासू एकली. पन हाऊ घाट माले सहन व्हत नही. खोली भेटस तवलग ही बांध."

एवढी एकच वस्तू उरली होती त्यांच्याकडे मुलाची, आणि तीही मला गाडीखाली बांधायला देत होत्या. मला मघाचे माझेच शब्द आठवून मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्यांना मिठी वगैरे मारली नाही, आमच्यात तसं नसतं. चप्पल त्यांच्या हातातून घेतली आणि पेटीत होती तिथे परत ठेवली.

खोली मी घेतली नाही. दीर अजून चिडतात. गाडीतला वास गेला. येताना घाट संपला की रेंज येते, तिथे मी गाडी बाजूला घेऊन घरी फोन लावते. सासूबाई विचारतात, "उतरनी का?" मी हो म्हणते. मग दोघीही फोन धरून नुसत्या गप्प बसतो. इतकी वर्षं आम्ही दोघी जे काही बोलायचो, ते सगळं ह्यांच्याबद्दलच असायचं.