पीचवरचं वाळवण

इंग्लंडमध्ये पावसामुळे मॅच थांबते हे सगळ्यांना माहीत आहे. आमच्या गावात एकदा ती कडक उन्हामुळे थांबली, आणि ते पाप माझ्या आईचं.

बाबा साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात डॉक्टर होते आणि आम्ही तिथून बसने तासाभरावरच्या एका खेड्यात राहायचो. चर्च, पब, पोस्ट आणि हिरवं मैदान, की संपलं गाव. मराठी घर आमचं एकच. मी तेव्हा नऊ वर्षांची. माणसं वाईट मुळीच नव्हती, पण हवेबद्दल भरभरून बोलायची आणि त्यापुढे एक अक्षर नाही. गावच्या क्रिकेट टीममध्ये शिरलो की आपण इथले झालो, असं बाबांनी मनाशी पक्कं केलं होतं. दोन उन्हाळे ते बाऊंड्रीपाशी बसून नुसता स्कोअर लिहीत होते. शेवटी एकाचा पाय मुरगळला आणि शुक्रवारी पोस्टाच्या खिडकीत लावलेल्या यादीत अकरावं नाव बाबांचं आलं. दुसऱ्याचा पाय मुरगळल्याचा एवढा आनंद झालेला डॉक्टर मी तेव्हापासून पाहिलेला नाही.

शनिवारी लख्ख ऊन पडलं. असं ऊन आईच्या दृष्टीने एकाच कामाचं. तिने सकाळीच साबुदाणा शिजवला. पण आमच्या बागेवर चर्चच्या झाडांची सावली. मग प्लास्टिक आणि पातेलं घेऊन ती उन्हाच्या शोधात निघाली, मागोमाग डाव घेऊन मी. मैदानाच्या मधोमध कात्रीने कापल्यासारखं गवत होतं आणि भोवती दोरी.

"किती चांगली माणसं गं! कुत्री येऊ नयेत म्हणून दोरीपण बांधलीये."

आईच्या माहेरी पीच म्हणजे तपकिरी, भेगाळलेली माती. शिवाय ती मॅचला कधी आलेलीच नव्हती. तिथे बायका चहाची तयारी करतात, त्यांच्या सँडविचमध्ये आपण काय दिवे लावणार, असं तिला वाटायचं. मला कळायला हवं होतं, पण मी ओल्या पापड्या खाण्यात गुंग होते.

दीड वाजता बाबा कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत आले. बरोबर कॅप्टन, आणि त्या पीचवर कबुतरालाही बसू न देणारे म्हातारे माळीबुवा. समोर पापड्यांच्या सात रांगा.

"अगं, हे पीच आहे!" बाबांचा आवाज चिरकला.

"अहो, मला काय माहीत! मला वाटलं कौन्सिलने पब्लिकसाठी ठेवलंय." आणि आई सगळ्यांदेखत रडायला लागली.

माळीबुवा गुडघ्यांवर बसले. त्यांनी एक पापडी बोटाने दाबून पाहिली आणि विचारलं, हे वाळायला किती वेळ? दोन दिवस, आई म्हणाली. त्यांनी आभाळाकडे पाहिलं. मग जागा चुकली, म्हणाले, चारनंतर इथे झाडांची सावली येते. पॅव्हिलियनची दक्षिणेकडची भिंत घ्या, ती संध्याकाळपर्यंत तापलेली असते. दोन्ही टीमच्या लोकांनी प्लास्टिकची टोकं धरली आणि आमच्या पापड्यांची वरात भिंतीपाशी गेली.

मॅच अर्धा तास उशिरा सुरू झाली. बाबा भोपळाही न फोडता परत आले. आई मात्र घरी धावली आणि गेल्या वर्षीच्या पापड्या तळून डबा भरून घेऊन आली. सँडविच तशीच राहिली, डबा रिकामा झाला. तरी घरी जाताना ती म्हणाली, "तुमचं सगळं माझ्यामुळे गेलं." बाबा बॅट काखेत मारून पुढे चालत राहिले. मला त्यांचा फार राग आला.

पुढच्या शुक्रवारी मी शाळेतून थेट पोस्टाकडे पळाले. अकरावं नाव बाबांचं. खाली माळीबुवांच्या अक्षरात लिहिलं होतं: डॉक्टरांच्या मिसेस, ऊन असल्यास. भिंत राखून ठेवली आहे.

आपल्याला बोलिंगसाठी घेतलं, असं बाबा शेवटपर्यंत सांगत राहिले. त्यांच्या विकेट मोजायला एका हाताची बोटं पुरायची. आम्ही कधी वाद घातला नाही.

आई आता ब्याऐंशीची आहे आणि लीड्सला माझ्याकडे असते. गेल्या जूनमध्ये आम्ही त्या गावात गेलो. पॅव्हिलियनमध्ये त्या वर्षीचा टीमचा फोटो अजून आहे. अकरा जणांच्या टीममध्ये बारा माणसं. टोकाला बाबा, आणि त्यांच्या शेजारी साडीतली आई, हातात डबा.

"त्या दिवशी वाटलं होतं, ह्यांना आता या गावात कोणी उभं करणार नाही," ती म्हणाली आणि बाबांच्या चेहऱ्यावरची धूळ पदराने पुसली.

बाहेर येऊन तिने भिंतीला हात लावून पाहिला.

"तापलीये गं अजून," ती म्हणाली. "उद्या साबुदाणा घेऊन येऊया."