सशाचा मोजा

माझ्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे. तिचा उजवा हात भलता चलाख. डावा मात्र कोपरात दुमडलेला, अंगठा मुठीत दडवून बसलेला. वडगावच्या फिजिओथेरपीच्या मॅडमनी सांगितलं, रोज थोडा वेळ चांगल्या हाताला जाड हातमोजा घाला, म्हणजे डाव्याला काम करावंच लागेल. "पण खेळ म्हणून हं. तिला शिक्षा वाटता कामा नये." मी मान डोलावली. मान डोलवायला माझं काय जातं!

तिच्या आईनं जुन्या गोधडीतून मोजा शिवला आणि त्याला सशाचे लांब कान लावले. मग खेळ ठरला. उजव्या हाताचा ससा भुकेला, डाव्या हातानं त्याला शेंगा भरवायच्या. शेंग काही उचलली जायची नाही, पण पोरगी हसायची.

पवनानगरला धरणाच्या कडेला आम्ही पर्यटकांसाठी तंबू लावतो. शनिवारी पाहुणे आले की माझं डोकं ठिकाणावर नसतं. अशाच एका शनिवारी तिनं भज्यांच्या पिठात हात घातला आणि मी ओरडलो, "थांब, मोजाच घालतो तुला!" ती चिडीचूप झाली. मला तेव्हा बरंच वाटलं. मग सवयच लागली. हट्ट केला, मोजा. जेवताना उठली, मोजा. माझ्या आईनं मला बागुलबुवाची भीती घातली होती, मी हिला सशाची घातली.

परवा तिच्या हातून पाहुण्यांच्या चहाचं दूध सांडलं. मी शेगडीपाशी होतो, अजून काही बोललोही नव्हतो. ती तंबूत गेली आणि मोजा घेऊन आली. डाव्या हातात. सशाचा कान बोटांत घट्ट धरलेला, अंगठा मुठीच्या बाहेर. इतके महिने आम्ही याचीच वाट बघत होतो. उजवा हात माझ्यापुढं धरून ती म्हणाली, "घाला पप्पा. मी दूध सांडलं."

मला इतकी लाज वाटली, की तिला शाबासकीसुद्धा देता आली नाही. मोजा मी खिशात कोंबला.

वडगावला मॅडम तिची पकड बघून खूश झाल्या. "पहिल्यांदा काय उचललं हिनं?"

"शेंग," मी म्हणालो. मुलगी माझ्याकडे बघत राहिली.

परतताना कामशेतहून जीप मिळाली. माझ्या मांडीवर बसून ती कानाशी लागली. "पप्पा, तुमी मॅडमला खोटं बोलला."

"व्हय," मी म्हणालो.

तिनं माझ्या खिशातला मोजा ओढून काढला. मी गपचूप हात पुढं केला. मोजा कसला जातोय, नुसती बोटंच आत मावली. ती मात्र दोन्ही हातांनी ओढत राहिली.