तीनबोटी पाव

शिरूर कासारच्या बसस्टँडसमोर चतुराबाईंचा गाडा आहे. पाव चिरायचा, आत मिरचीची भजी कुस्करून शेंगदाण्याची लसणी चटणी भरायची, वरून घट्ट बेसन लावायचं, त्यावर ओल्या डाव्या हाताची बोटं दाबायची आणि पाव तव्यावर पालथा घालायचा. उलटला की बेसन तांबूस झालेलं असतं, बोटांचे खळगे तेवढे पिवळे राहतात. मधल्या बोटानंतर एक जागा रिकामी, मग करंगळी. म्हणून तीनबोटी.

ती रिकामी जागा त्यांच्या नवऱ्याची, शहादेवची. ऊस तोडताना कोयता डाव्या हातावर आला आणि करंगळीशेजारचं बोट गेलं. त्यानंतर त्याने तोडीला जाणं सोडलं आणि गाडा टाकला. डाव्या हाताचा पाव कोण खाईल, असं लोक सुरुवातीला म्हणत. रिक्षावाला बंकट तर तोंडावरच म्हणाला. शहादेवने त्याला विचारलं, "उजव्यात उलथनं हाय. तवा काय तू सांभाळतूस?" बंकट रोजचं गिऱ्हाईक झाला. पुढे तोडीला निघालेली माणसं ट्रकमध्ये चढण्याआधी हा पाव बांधून घेऊ लागली. माजलगावात एकाने तसाच पाव सुरू केला, पण त्यावर चार बोटं उमटत. आमची माणसं बघायची, हसायची आणि पुढं जायची.

शहादेव तापाने गेला. काही दिवसांनी चतुराबाईंनी गाडा उघडला, तेव्हा पावावर चार बोटं आली. बंकटने पाव हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि न खाता ठेवून दिला.

"वैनी, ह्यो आपला पाव न्हाई."

रागाने नव्हे, त्याचे डोळे भरले होते. दुसऱ्या दिवशी पाव दाबताना चतुराबाईंनी करंगळीशेजारचं बोट तळव्यात मिटून घेतलं. गावाने निमूट खाल्लं.

बोट वर्षानुवर्षं मिटत राहिलं आणि मग उघडेचना. त्यांची मुलगी अंजली बीडला दवाखान्यात नर्स आहे. पहिलीत ती माझ्या वर्गात होती. बोटांवर मोजताना तिचे ओठ हलायचे. तिने आईला डॉक्टरकडे नेलं. तळव्यातली शीर आखडली होती, छोट्या ऑपरेशनने बोट सरळ होणार होतं. चतुराबाई तिथून उठून थेट एसटीत बसल्या.

मला म्हणाल्या, "गुरुजी, पाव मी दाबत न्हाई. मी नुसता हात ठिवते, दाब वरून येतो. बोट सरळ केलं तर त्येनं बसावं कुठं?"

 त्यानंतर त्या पाव दाबताना खांदा किंचित बाजूला घेतात, मागे कुणाला जागा करून द्यावी तसा, हे मला दिसू लागलं.

अंजलीलाही वडिलांचा तो हात माहीत होता. लहानपणी शहादेव तिची वेणी घालायचा. ती एकदा माझ्या ओट्यावर बसून म्हणाली, "आई डोक्यावरून हात फिरवते, गुरुजी, तर बाबांचा हात लागतो. अंगावर काटा येतो. मला माझ्या आईचा हात पाहिजे."

हेच तिने आईला सांगितलं असावं. दिवाळीनंतर, तोडीची माणसं गेल्यावर, चतुराबाईंनी ऑपरेशन करून घेतलं.

गाडा पुन्हा लागला त्या सकाळी स्टँडवरची माणसं गोळा झाली. आता चार बोटं आली तरी खायचं, असं बंकटने सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. चतुराबाईंनी हात ओला केला आणि पसरून बेसनावर ठेवला. चारही बोटं सरळ होती, आम्ही सगळ्यांनी पाहिली. त्यांनी पाव पालथा घातला, भाजला, उलटला.

तीनच खळगे होते.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की त्या बोटात जोर यायला वेळ लागेल. अंजलीने ते लगेच सगळ्यांना सांगितलं, जरा मोठ्यानेच. बंकटने पाव दोन्ही हातांनी घेतला. चतुराबाई तव्याकडे बघत हलकेच म्हणाल्या, "हायेस व्हय."

मग त्यांनी हात पदराला पुसला आणि शेजारी उभ्या असलेल्या लेकीच्या डोक्यावर ठेवला. अंजलीने डोळे मिटले. पहिलीत हलायचे तसे तिचे ओठ हलले, आणि तीनच्या पुढे गेले नाहीत.