मानेचा पट्टा आणि लोखंडी स्टूल

प्राचीच्या मानेचा तो पट्टा वेणूनेच विकत आणला होता, आणि पुढे तिला स्वतःलाच सगळ्यात जास्त राग आला तो याच गोष्टीचा.

उल्हासनगरच्या बाजारात सर्जिकल सामानाच्या दुकानात मायलेकी उभ्या होत्या. एक्स-रेचं मोठं पाकीट वेणूच्या काखेत होतं. गल्ल्यावरच्या सिंधी शेठने प्राचीकडे एकदा पाहिलं, फळीवरून खोका काढला आणि म्हणाला, "मीडियम आयेगा, बेटा. आजकल सबको यही लग रहा है."

सबको! वेणूला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण घाबरलेल्या आईला कुणी दगड उगाळून दिला तरी ती तो चाटवते. तिने पट्टा घेतला, आणि रोज सकाळी स्वतःच्या हाताने, चांगला घट्ट, लेकीच्या गळ्यात बांधला. तब्बल चौदा महिने.

प्राची ही वेणू आणि हरिचंद्रची एकुलती एक. बीएस्सी झालेली, चोवीस वर्षांची. त्यांच्या खरवई गावात ज्या खाचरांत वेणूने सून म्हणून भात लावला, तिथे आता सात मजली इमारती आहेत. हरिचंद्र टेम्पो चालवतो आणि प्राची आनंदनगरच्या एमआयडीसीत, औषधाच्या बाटल्या बनवणाऱ्या कारखान्यात तपासणीला जाते. मागे लख्ख पांढरा दिवा, पुढून बेल्टवर सरकत जाणाऱ्या काचेच्या बाटल्या, आणि त्यातली तडा गेलेली नेमकी हेरून बाजूला काढायची. प्राचीची नजर घारीची. लाइनचे सुपरवायझर मिलिंद सर नव्या मुलींना सांगत, "हिच्यासारखं बघायला शिका."

एका दुपारी बेल्ट थांबला आणि प्राचीच्या डोळ्यांसमोरच्या बाटल्या थांबल्याच नाहीत. भिंत सरकली, दिवा सरकला, पायाखालची फरशी गादीसारखी दबली. दोन मुलींनी तिला धरून रिक्षात बसवलं. घरी ती उलट्या करत, डोळे मिटून, उशीला घट्ट धरून पडली होती. जणू उशी सोडली तर पलंगावरून खाली नव्हे, घराबाहेर फेकली जाईल. पंख्याचा आवाजही सोसेना. चार तासांनी ते ओसरलं, पण पुरतं गेलं नाही. नंतर आठवड्यातून एकदा तरी तो झटका यायचा, आणि मधल्या दिवसांतही ती भिंतीला हात लावत चालायची.

पहिल्या डॉक्टरने "अशक्तपणा आहे" म्हणून दोन सलाईन लावल्या. दुसऱ्याने प्राचीला नाही, वेणूला विचारलं, "लग्नाचं बघताय का हिच्या? मुलींना टेन्शन येतं." तिसऱ्याने मानेचा एक्स-रे काढला, उजेडात धरला आणि "हे बघा, मान" म्हणाला. मान तर होतीच! एक्स-रेत दुसरं काय दिसणार? पाच मिनिटांत निकाल. गळ्यात पट्टा, आणि चक्करेची गोळी रोज तीन वेळा, पुढे सांगेपर्यंत. पुढे कुणी काही सांगितलंच नाही.

पट्ट्याने चक्कर गेली नाही. मान मात्र लाकडासारखी झाली आणि गोळ्यांनी पोरगी दिवसभर पेंगायला लागली.

पण एक गोष्ट झाली. जगाने प्राचीला आजारी मानलं. शेअर रिक्षात तिला आतली जागा मिळू लागली. वेणूची थोरली जाऊ गोदू, जिने आजवर कुणाला कपभर चहाही मोजल्याशिवाय दिला नव्हता, ती दुधाचा पेला घेऊन आली. आणि कारखान्यात मिलिंद सरांनी स्टोअरमधून एक लोखंडी स्टूल आणवून प्राचीच्या जागेवर ठेवलं. "बसून कर. आणि नाइट नको तुला." त्या स्टुलावर प्राचीची नोकरी टिकली. बसल्यावर शरीराला निदान खालून आधार असे. उभं राहून सरकत्या बाटल्यांकडे बघायचं म्हणजे तिला वाहत्या पाण्यात उभं राहिल्यासारखं होई.

चौदा महिन्यांनी लाइनवरच्याच एका मुलीने अंबरनाथच्या एका डॉक्टरीणबाईंचं नाव सुचवलं. कान आणि शरीराचा तोल हाच त्यांचा अभ्यास. बाईंनी एक्स-रेचं पाकीट उघडलंही नाही. नुसतं विचारत राहिल्या. लहानपणी गाडी लागायची? लागायची, कर्जतला आजोळी जाताना दर वेळी. चक्कर येते तेव्हा उजेड सोसतो? मॉलमध्ये, मोबाइलवर बोट फिरवताना काय होतं? जेवण चुकलं, झोप मोडली की वाढतं का? प्राची एकेका प्रश्नाला मान हलवत होती, म्हणजे पट्ट्यातून जेवढी हलेल तेवढी.

"घरात कुणाला अर्धशिशी आहे?" बाईंनी वेणूला विचारलं.

"नाही हो."

प्राची वळली. मान वळत नव्हती, म्हणून अख्खी खुर्चीतच वळली. "आई! महिन्यातून दोनदा डोक्याला फडकं आवळून, दार लोटून पडतेस ते काय मग?"

"ते काय आजार आहे का? ते माझं नेहमीचंच आहे."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "किती वर्षं?"

"लग्नाच्या आधीपासून."

"औषध?"

"बाम."

मग बाईंनी समजावून सांगितलं. ही अर्धशिशीच आहे, आईकडून आलेली. लेकीच्यात ती डोकं दुखवत नाही, तोल बिघडवते, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नाही. जीवाला धोका नाही. पण खोटंही नाही, टेन्शनही नाही. त्यांनी पट्टा काढायला सांगितला. रोजची चक्करेची गोळी हळूहळू बंद करायची, कारण त्या गोळीने मेंदू तोल सावरायला शिकतच नाही. झटके कमी व्हावेत म्हणून वेगळी गोळी दिली, तिला दोन-तीन महिने लागतील म्हणाल्या. जेवणाची वेळ, झोपेची वेळ, सगळं वहीत लिहायचं. आणि व्यायाम: अंगठा समोर धरायचा, नजर त्यावर रोवायची आणि मान डावी-उजवीकडे फिरवायची. सुरुवातीला चक्कर वाढेल, तरी थांबायचं नाही. कारखान्यासाठी चिठ्ठीही दिली: बसून काम, रात्रपाळी नको, तासाभराने डोळ्यांना विश्रांती.

परतीच्या वाटेवर वेणूला सुटल्यासारखंही वाटत होतं आणि आतून भडका उडत होता. ज्या मानेने फिरून फिरून तोल शिकायचा, तीच मान तिने चौदा महिने जखडून ठेवली होती. आणि तिच्या स्वतःच्या दुखण्याबद्दल तीस वर्षांत एकाही माणसाने "किती वर्षं?" असं विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर पोरीला एवढं भोगावंच लागलं नसतं.

प्राची नेटाने व्यायामाला लागली. पहिले पंधरा दिवस अंगठ्याकडे बघून ओकारी यायची. पावसाळा सरता सरता वहीत आठवड्याचा झटका महिन्यावर गेला. भिंतीवरचा हात सुटला. बरी झाली म्हणता येणार नाही. पण आपण कशाशी लढतोय हे तिला कळलं होतं.

आणि तेवढ्यात जगाचं मत फिरलं.

चुलतभाऊ धर्मेशच्या हळदीत डीजे आणि गरगर फिरणारे दिवे चालू झाले, तेव्हा प्राची मांडवामागे जाऊन बसली. गोदूने तिला शोधून काढलं. "काय गो, पट्टा काढलास ना? मंग बरी झालीस! नाचाला काय झाला? का एमआयडीसीत जातंस म्हनून भाव खातंस?" मागच्या वर्षीच्या हळदीत याच गोदूने स्वतःची खुर्ची तिला दिली होती.

कारखान्यात तेच. मिलिंद सरांनी स्टूल उचलायला सांगितलं.

"सर, डॉक्टरांची चिठ्ठी दिलीय."

"चिठ्ठी वाचली. पण दिसायला काय आहे? पट्टा होता तेव्हा मी बोललो का काही? आता बाकीच्या विचारतात, हिलाच का स्टूल. तुझा करार पुढच्या महिन्यात संपतोय, उगाच नजरेत येऊ नकोस."

प्राची चार दिवस उभी राहिली. चौथ्या दिवशी दोनदा बेल्टच्या कडेला धरून खाली बसली. पाचव्या दिवशी सकाळी वेणू तिच्या पिशवीत डबा ठेवायला गेली, तर आत पट्टा.

"हे काय?"

"गेटवर घालीन. आठच तास."

"अगं, तो घातलास की मान पुन्हा आखडणार! सगळं केलेलं पाण्यात!"

"मग काय करू? पडू लाइनवर? खरा आजार त्यांना दिसत नाही, आई. खोटा दिसतो."

वेणूचा आवाज शेजारच्या इमारतीत गेला असेल. "चौदा महिने चुकीचा पट्टा घातलास तेव्हा तू आजारी, आणि आता बरोबर औषध घेतेस तर तू कामचोर? हा कुठला न्याय? तो पट्टा तुझ्या मानेला हवाय की त्या मेल्या स्टुलाला?"

प्राचीला एकदम हसू फुटलं. तिने पट्टा पुन्हा पिशवीत कोंबला, आईचा हात बाजूला केला आणि "उशीर होतोय" म्हणत गेली.

तो दिवस वेणूने कसा काढला ते तिलाच ठाऊक. भात करपला. दर अर्ध्या तासाने मोबाइल बघितला. संध्याकाळी प्राची आली ती उघड्या मानेने. चप्पल काढता काढताच सांगू लागली.

ती स्टोअरमध्ये गेली होती, स्टूल स्वतः उचलून आणलं होतं, आणि पट्टा त्या स्टुलाच्या पायाला बांधून त्यावर बसली होती. मिलिंद सर आले. "हे काय नाटक?"

"नाटक नाही, सर. तुम्हाला दिसायला काहीतरी हवं होतं ना? माझ्या मानेला चालत नाही, म्हणून स्टुलाला घातला."

पलीकडे तानी उभी होती. बारवी धरणाकडच्या पाड्यावरून येणारी, गुडघे गेलेली बाई, जिने सहा वर्षांत कधी बसायला मागितलं नव्हतं. ती बाटलीवरची नजर न काढता म्हणाली, "सर, ऱ्हाऊ द्या. स्टुलाची मान दुखते."

अख्खी लाइन हसली. सरांचे कान लाल झाले. ते निघून गेले, आणि स्टूल राहिलं. दुपारनंतर अर्धा तास तानी त्यावर बसली.

"आणि करार?" वेणूने विचारलं.

"ते माहीत नाही. चिठ्ठी ऑफिसात पुन्हा दिली, पोच घेऊन. नाही वाढवला तर लेखी कारण मागणार. पण पट्टा नाही घालणार."

वेणू हसली, पण तिचा राग गेला नाही. आजारी पोरीला बसायला मिळावं म्हणून तिला सगळ्यांना हसवून दाखवावं लागतं, हे वेणूला आजही पचलेलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी सकाळीच वेणूच्या डाव्या भुवईवर ती जुनी कळ उठली. फडक्याकडे गेलेला हात तिने मागे घेतला आणि ओटीवर पेपर वाचत बसलेल्या हरिचंद्रसमोर जाऊन उभी राहिली. "अहो, माझी अर्धशिशी उठलीय. आजार आहे तो. उद्या मी अंबरनाथला त्या बाईंना दाखवायला जाणार आहे. आज माझ्याच्याने भाकऱ्या होणार नाहीत."

हरिचंद्रने चष्मा वर करून तिच्या कपाळाकडे निरखून पाहिलं. "दिसत तर काही नाही गो."

"दिसणारच नाही," वेणू म्हणाली. "तांदळाचं पीठ निळ्या डब्यात आहे." आणि ती आत जाऊन दार लोटून पडली.