गल्लीतल्या नऊ गाड्या

गावात तिला सगळे वहिनीच म्हणत, वयाने मोठे असलेलेसुद्धा. समुद्राकडे जाणारी गल्ली जिथे संपते तिथे तिचं घर, घरामागे मोठं आवार आणि आवाराच्या फाटकावर तिच्याच हातची पाटी: 'गाडी लावा. किल्ली माझ्याकडे द्या.' दुसऱ्या वाक्याखाली दोन जाड रेघा.

त्या किल्लीवरून रोज कुणाशी तरी वाजायचं. लाटांवर खेळायला येणारी मंडळी भाड्याची गाडी घेऊन यायची, टपावर सर्फिंगचे बोर्ड बांधून. गाडी ताब्यात देतानाच कंपनीने चारही बाजूंनी फोटो काढलेले असत. परत देताना नवा ओरखडा दिसला की अनामत गेली. त्यामुळे परक्या बाईच्या हातात किल्ली द्यायची म्हटलं की माणसाचा चेहरा उतरायचा.

"मीच लावतो की," तो म्हणायचा.

"लावा," म्हणून वहिनी हाताची घडी घालून बाजूला उभी राहायची.

दोन्ही अंगांना दगडी भिंती, मध्येच पुढे आलेला विजेचा खांब, आणि फाटकात शिरायला काटकोनात वळण. चौथ्या खेपेला माणूस घामाघूम होऊन उतरायचा आणि मुकाट्याने किल्ली तिच्या हातावर ठेवायचा. ती सीट पुढे ओढायची, आरसे स्वतःच्या उंचीला लावून घ्यायची आणि एका दमात गाडी आत न्यायची. त्यावर एक अक्षर बोलायची नाही. ते न बोलणंच लोकांना जास्त लागायचं.

हे कसब माहेरचं. वडिलांची बर्फाची गाडी होती आणि ती बंदराच्या धक्क्यावर उलटी न्यावी लागे. मागे पाणी, डावीकडे पाणी, उजवीकडेही पाणी. एकोणिसाव्या वर्षी ती ते शिकली. "चुकलीस तर मासे जवळून बघशील," एवढीच वडिलांची शिकवणी.

ती लग्न होऊन आली तेव्हा त्या आवारात सासरे, म्हणजे आबा, लाकडी होड्या बांधत. पुढे लाकडाच्या होड्या कुणाला नकोशा झाल्या आणि आवार ओस पडलं. नवऱ्याने पुढच्या खोलीत मोडके बोर्ड दुरुस्त करण्याचं दुकान थाटलं. आवाराचं काय करायचं, हा विषय निघाला की मात्र आबा उठून जायचे.

मग एके दिवशी एक भाड्याची गाडी खांब आणि भिंत यांच्यामध्ये अडकली. अर्धी गल्ली गोळा झाली. कुणी डावीकडे म्हणे, कुणी उजवीकडे, आणि चालवणारी मुलगी रडकुंडीला आली होती. वहिनी कणकेचे हात धुऊन बाहेर आली, सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं आणि गाडीत बसली. दोन्ही बाजूंना बोटभर जागा. गाडी सुटली. आबा खिडकीतून बघत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः आवार झाडलं आणि तिला हाक मारली.

"सूनबाई, किती गाड्या मावतील इथं?"

"आठ."

आबांनी जुनी मोजपट्टी काढली, तासभर मोजमाप केलं. "मधली वाट मोकळी ठेवून अकरा," ते म्हणाले.

तेव्हापासून अकराच.

त्यानंतर नवव्या वर्षी गावात लाटांवरच्या खेळाची मोठी स्पर्धा ठरली. आवार सकाळी आठलाच भरलं. गावच्या समितीने वहिनीला न विचारता गल्लीतही एका कडेने नऊ गाड्या लावायला परवानगी दिली. ती समितीच्या माणसाशी भांडली, पण तो ऐकेना. शेवटी ती म्हणाली, "ठीक आहे, पण किल्ल्या माझ्याकडे." आठ जणांनी दिल्या. नववा उंचापुरा गृहस्थ "आलोच" म्हणाला आणि किल्ली गळ्यात अडकवून पाण्यात गेला.

अकराच्या सुमाराला एका खेळाडू मुलीच्या मानेवर तिचाच बोर्ड आदळला. जीवरक्षकांनी तिला वाळूवर आणलं, मान दोन्ही हातांनी धरून ठेवली. त्यातला थोरला धावत गल्लीत आला. "तिला उचलून नेता येणार नाही. अॅम्ब्युलन्स वाळूपर्यंत यायला हवी."

अॅम्ब्युलन्स आली होती, पण गल्लीच्या तोंडाशीच अडकली होती. उभ्या गाड्यांच्या शेजारून ती काही जाईना, आणि तिने तोंड अडवल्यावर गाड्या बाहेर काढायच्या कुठून? लोकांचा नुसता गलका चालला होता. समितीच्या माणसाची तर पाचावर धारण बसली होती.

वहिनीने मागे वळून आवाराकडे पाहिलं. तिला त्याचा दुसरा दरवाजा आठवला. आबा नवी होडी ज्या उतारावरून पाण्यात सोडत, त्या बाजूचा. ओहोटी होती, ओली वाळू घट्ट होती.

"आबा, समुद्राकडचा दरवाजा उघडा."

आबा कुऱ्हाड घेऊन धावले. त्यांनी तिच्या बोथट पाठीने गंजलेला अडसर पाडला. नवरा खाली वाळूवर जाऊन उभा राहिला, गाड्या कुठे थांबवायच्या ते दाखवायला. वहिनीने पहिली गाडी काढली, काटकोनात वळवली, आवारातल्या मधल्या वाटेने नेऊन उतारावरून खाली सोडली आणि चपला हातात घेऊन पळत परत आली. मग दुसरी. मग तिसरी. पाचवीला तिचा श्वास लागला. शेजारीण म्हणाली, "वहिनी, जरा टेका."

"नंतर," ती म्हणाली.

आठ गाड्या गेल्या. नववी खांबाजवळ कुलूपबंद, चाकं जाम.

"काच फोडा," समितीचा माणूस म्हणाला.

"फोडून काय करणार? किल्ली तर हवीच ना," वहिनी म्हणाली. "दहा जण इकडे या. बंपरला कुणी हात लावायचा नाही. चाकाच्या वरची कमान धरा. आबा, तुम्ही आवाज द्या."

होड्या ढकलताना देत तसा आबांनी आवाज दिला आणि दहा जणांनी मागची बाजू उचलून वीतभर भिंतीकडे सरकवली. पुन्हा उचलली, पुन्हा सरकवली. मग पुढची बाजू. शेवटी गाडी भिंतीला चिकटल्यासारखी झाली, पण भिंतीला लागली नाही. वहिनीने आपला तळहात मध्ये घालून पाहिला. तो आत गेला.

मग ती अॅम्ब्युलन्सपुढे उलट्या पावलांनी चालत राहिली, दोन्ही हातांनी चालकाला वाट दाखवत, फाटकातून आत आणि आवारातून उतारापर्यंत. पहिली गाडी हलवल्यापासून बारा मिनिटांत अॅम्ब्युलन्स वाळूवर होती.

दुपारी तो उंचापुरा गृहस्थ पाण्यातून परतला. गाडी जागेवरून हललेली पाहून त्याचा पारा चढला.

"माझ्या गाडीला हात कुणी लावला?"

"मी," वहिनी म्हणाली. "चारी बाजूंनी फिरून बघा. फोटो असतीलच तुमच्याकडे."

त्याने फोन काढला. एकेक फोटो लावून दार, चाक, बंपर ताडून पाहिलं. ओणवा होऊन भिंतीकडची बाजूही पाहिली. ओरखडा कुठेच नव्हता. मग शेजारणीने त्याला सकाळची हकीकत सांगितली. त्याने गळ्यातली किल्ली काढली आणि वहिनीपुढे धरली. तिने गाडी भिंतीपासून सोडवून दिली आणि आरसे त्याच्या उंचीला लावायलाही विसरली नाही.

ती मुलगी वाचली. मानेचं हाड दुखावलं होतं, पण वेळेत पोचली म्हणून हातपाय शाबूत राहिले. पुढच्या महिन्यात समितीचा माणूस रंगाचा डबा घेऊन दाराशी आला. गल्लीत गाड्या कुठे लावायच्या आणि कुठे नाही, त्या रेघा वहिनीनेच आखाव्यात, म्हणाला. तिने भर उन्हात दोन दिवस बसून आखल्या. त्यांच्या बाहेर आजवर कुणी चाक ठेवलेलं नाही.

आबा आता फाटकाशी खुर्ची टाकून बसतात. उभ्या हयातीत ज्यांनी कुणाच्या कामाला बरं म्हटलं नाही, ते आबा येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला ती हकीकत सांगतात. पहिल्या वर्षी त्यांच्या हकिकतीत त्या बाराची दहा मिनिटं झाली होती, मग आठ झाली.

"आमच्या सुनेनं सहा मिनिटांत गल्ली रिकामी केली," ते परवा एका पाहुण्याला सांगत होते.

"बारा, आबा," वहिनी गाडी मागे घेता घेता म्हणाली.

"तू गप्प बस," आबा म्हणाले. "तुला काय ठाऊक? तू गाडी चालवत होतीस. बघत मी होतो."